सिम्युलेशनची व्याख्यानमाला आखताना: आधी अंदाज लिहून घ्या, मग रन करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉम्प्युटर यूजर ग्रुप महिन्यातून एकदा भेटतो, तीसेक माणसं येतात. त्यांत प्रोग्रॅमर आहेत, कॉलेजची मुलं आहेत, निवृत्त इंजिनिअर आहेत आणि कोडची एकही ओळ न लिहिलेले हौशी लोकही आहेत. पुढचे सहा महिने सिम्युलेशन आणि मॉडेलिंगवर, म्हणजे खऱ्या गोष्टीची कॉम्प्युटरवर नक्कल करून बघण्यावर, व्याख्यानं ठेवायची आहेत. विषय कोणते घ्यायचे, क्रम कसा लावायचा, वक्ते कसे निवडायचे आणि सॉफ्टवेअर कोणतं धरायचं?

सॉफ्टवेअर शेवटी. ‘या महिन्यात सिमपाय, पुढच्या महिन्यात नेटलोगो, मग ओपनमॉडेलिका’ अशी यादी करायचा मोह होतो, कारण ती दहा मिनिटांत तयार होते. पण अशा मालिकेत दर वेळी निम्मा वेळ इन्स्टॉलेशनमध्ये जातो आणि उरलेला मेनू दाखवण्यात. ज्याला ते टूल वापरायचंच नाही त्याने यायचं कशाला, याचं उत्तर तुमच्याकडे नसतं. म्हणून दर भेटीला टूल न ठरवता एक प्रश्न ठरवा. तो ऐकताक्षणी प्रत्येकाला वाटलं पाहिजे की ‘हे तर मला येतं’, आणि तरीही बहुतेकांचा अंदाज चुकला पाहिजे.

दुसरी अट मी कधीच सैल करत नाही. रन करण्याआधी, म्हणजे मॉडेल चालवण्याआधी, प्रत्येकाने आपला अंदाज कागदावर लिहायचा. आकड्यात. ‘वाढेल’, ‘बराच वेळ लागेल’ असलं मोघम चालणार नाही. पडद्यावर हलणारे ठिपके बघायला सगळ्यांनाच आवडतात. लोक माना डोलावतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. उत्तर एकदा दिसलं की प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटतं की आपल्या मनात तेच होतं. कागदावर आधी लिहिलेला आकडा ही पळवाट बंद करतो. तो आकडा आणि पडद्यावरचा आकडा यांतली तफावत दिसली की खरे प्रश्न सुरू होतात: मॉडेल चुकलंय की माझी समजूत? चर्चा तिथून पुढे आपोआप चालते, वक्त्याला ती ढकलावी लागत नाही.

पहिली भेट रांगेची ठेवा. रांगेत सगळेच उभे राहिलेले असतात, त्यामुळे विषय समजावण्यात वेळ जात नाही. मांडणी अशी करा: एकच खिडकी आहे. सरासरी दर ६० सेकंदांनी एक माणूस येतो. प्रत्येकाच्या कामाला सरासरी ५० सेकंद लागतात. म्हणजे खिडकीमागच्या माणसाला तासातली दहा मिनिटं काहीच काम नाही. आता आलेल्या माणसाला आपला नंबर येईपर्यंत सरासरी किती वेळ थांबावं लागेल?

बहुतेक कागदांवर शून्य, पाच सेकंद, दहा सेकंद असे आकडे येतात. घड्याळ लावल्यासारखी बरोबर साठाव्या सेकंदाला माणसं आली आणि प्रत्येकाचं काम बरोबर पन्नास सेकंदांत झालं, तर शून्य हेच उत्तर आहे. पण येण्याच्या वेळा आणि कामाचे वेळ हे दोन्ही रँडम धरले, म्हणजे पाठ्यपुस्तकी पद्धतीने घातांकी वितरणातून (लहान वेळा पुष्कळ, मोठ्या क्वचित) उचलले, तर सरासरी वाट बघणं येतं २५० सेकंद. चार मिनिटांहून जास्त. आता कामाचा वेळ ५० वरून ५४ सेकंद करा आणि पुन्हा अंदाज लिहायला सांगा. उत्तर ४८६ सेकंद. मग ५७ करा: १०८३ सेकंद, म्हणजे अठरा मिनिटं. काम सात सेकंदांनी वाढलं आणि थांबणं चौपटीच्या वर गेलं. इथे सभागृहात कुजबुज सुरू होते. ती होऊ द्या, दोन मिनिटं बोलू नका.

मग उलटं टोक दाखवा. कामाचा वेळ पुन्हा ५० करा, पण सगळ्यांना नेमका ५०. येण्याच्या वेळा मात्र रँडमच ठेवा. वाट बघणं निम्म्यावर येतं, १२५ सेकंद. सरासरी एकही बदलली नाही, फक्त कामातला अनियमितपणा गेला. रांग फक्त सरासरीमुळे वाढत नाही, चढउतारामुळेही वाढते, हे वाक्य वक्त्याने उच्चारायची गरज उरत नाही.

कुणीतरी हात वर करून विचारेलच की याचं तर सूत्र आहे, मग सिम्युलेशन कशाला? विचारलं नाही तर तुम्हीच कुणाला तरी विचारायला सांगून ठेवा, कारण हा फार मोलाचा प्रश्न आहे. सूत्र आहेच. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ साली फोनकॉलच्या संभाव्यतेवर लेख लिहिला तेव्हापासून हे शास्त्र उभं राहत गेलंय. आणि सूत्र आहे म्हणूनच हे उदाहरण पहिलं घ्यायचं. जिथे उत्तर माहीत आहे तिथे आपला प्रोग्रॅम तेच उत्तर देतो का, हे आधी तपासता येतं. त्यानंतर ‘दुपारी अर्धा तास खिडकी बंद’ अशी एक ओळ वाढवा. कोडमध्ये एक अट वाढते, पण सरळ सूत्र हाती राहत नाही. सिम्युलेशनची जागा नेमकी कुठे आहे ते तिथे दिसतं.

याच भेटीत यूजर ग्रुपचं एक भांडवल वापरा, जे वर्गातल्या एकट्या शिक्षकाकडे नसतं: तीस लॅपटॉप. सगळ्यांना तोच प्रोग्रॅम द्या, ५७ सेकंदांचा, फक्त सीड, म्हणजे रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा, प्रत्येकाने आपापला टाकायचा; जन्मतारीख टाका म्हटलं की कुणी अडत नाही. रन एका दिवसाचा, आठ तास, म्हणजे साधारण ४८० माणसं. मग एकेकाने आपला आकडा सांगायचा आणि एकाने फळ्यावर खुणा करायच्या. एकाकडे चार-पाच मिनिटं येतात, शेजारच्याकडे वीस. दोघांचा प्रोग्रॅम अक्षरन् अक्षर सारखा असतो. एकाच रनवर अहवाल लिहिणाऱ्या माणसाने नेमकं काय केलं, हे फळ्यावर दिसतं आणि पुन्हा सांगावं लागत नाही. चाणाक्ष माणूस आणखी एक गोष्ट टिपतो: बहुतेक खुणा अठरा मिनिटांच्या खालीच का आहेत? कारण दिवसाची सुरुवात रिकाम्या खिडकीने होते. अठरा हा आकडा रांग स्थिरावल्यानंतरचा आहे आणि इतक्या भरलेल्या खिडकीला स्थिरावायला एक दिवस पुरत नाही. सुरुवातीचा भाग टाकून द्यायचा की नाही, हा वाद लावून द्या आणि भेट संपवा. खऱ्या खिडकीलाही रोज सकाळी रिकामंच सुरू व्हावं लागत असेल, तर टाकून देणं चूक ठरेल. वाद रंगतो.

दुसरी भेट मी काळाच्या पायरीवर ठेवीन, म्हणजे मॉडेलमधलं घड्याळ एका वेळी केवढं पुढे सरकवायचं यावर. इथे माणसं कमी येतील असं तुम्हाला वाटेल, कारण विषय गणिताचा वाटतो. पण गोष्ट दोन ओळींची आहे. स्प्रिंगला टांगलेलं वजन घ्या. ताठरपणा आणि वस्तुमान दोन्ही १ धरा. नवं स्थान म्हणजे जुनं स्थान अधिक वेग गुणिले पायरी. नवा वेग म्हणजे जुना वेग वजा स्थान गुणिले पायरी. पायरी ०.१ सेकंद. घर्षण नाही, बाहेरून ढकलणारं कुणी नाही. एक झोका ६.२८ सेकंदांचा, म्हणजे त्रेसष्टेक पायऱ्यांचा. दहा झोक्यांनंतर झोका केवढा असेल?

‘तेवढाच’ असं सगळे लिहितात, आणि भौतिकशास्त्राप्रमाणे बरोबर लिहितात. पडद्यावर मात्र प्रत्येक झोक्याला तो सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो आणि दहा झोक्यांत २३ पटीच्या आसपास जातो. काहीच नसताना ऊर्जा आली कुठून? पायरी निम्मी करा: वाढ दर झोक्याला १७ टक्क्यांवर येते. कमी झाली, पण गेली नाही. मग एक बारीक बदल करा. वेग काढताना जुनं स्थान न घेता नुकतंच काढलेलं नवं स्थान घ्या. पायरी तीच, गणिताचं कामही तेवढंच, आणि झोका फुगायचा थांबतो.

इथे वक्त्याला एक सावधगिरीची सूचना. या दोन ओळी कोडमध्ये सरळ एकाखाली एक लिहिल्या, तर दुसऱ्या ओळीला आपोआप नवं स्थानच मिळतं आणि फुगणारा झोका दिसतच नाही. फुगवायचा असेल तर जुनी किंमत वेगळ्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावी लागते. डेमोच्या दिवशी ‘बिघडायला हवं होतं, पण बिघडतच नाही’ अशी पंचाईत नको. उलट कोड प्रेक्षकांकडून लिहून घेतला तर काहींचा फुगतो, काहींचा नाही, आणि दोघांनाही वाटतं की आपण तेच लिहिलंय. सगळ्या मालिकेतला हा माझा सर्वांत आवडता अर्धा तास.

याच भेटीत एडवर्ड लॉरेन्झ यांची १९६१ ची गोष्ट कोंबायचा मोह टाळा. हवामानाच्या मॉडेलचा जुना रन पुन्हा मधूनच सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा टाकला आणि पुढचं हवामान पूर्ण वेगळं निघालं. गोष्ट सुंदर आहे, पण तिचा धडा वेगळा आहे. स्प्रिंगमध्ये गणनेची पद्धत खोटं बोलत होती. लॉरेन्झच्या समीकरणांत पद्धत कितीही सुधारली तरी सुरुवातीचा सूक्ष्म फरक वाढतच जातो. दोन्ही एका संध्याकाळी सांगितलं की लोक ‘कॉम्प्युटरवर काही भरवसा नाही’ एवढंच घेऊन जातात. लॉरेन्झला हवं तर स्वतंत्र भेट द्या.

तिसरी भेट रँडम आकड्यांची. पायची (π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) किंमत ठिपके टाकून काढायचा डेमो प्रत्येक वक्ता आणतो. चौकोनात ठिपके, आत वर्तुळ, वर्तुळात किती पडले ते मोजायचं. नुसता दाखवला तर तो वेळेचा अपव्यय आहे, कारण पायची किंमत सगळ्यांना माहीतच असते. दाखवायचाच तर प्रश्न बदला: दहा हजार ठिपक्यांनी चूक साधारण ०.०१६ एवढी राहते. आणखी एक दशांश स्थळ बरोबर हवं असेल तर किती ठिपके लागतील? ‘दहापट’ हे उत्तर हमखास येतं. लागतात शंभरपट. रँडम आकडे टाकून उत्तर काढायच्या या मॉन्टे कार्लो पद्धतीची ताकद आणि तिची मर्यादा या एका आकड्यात आहे. ही कल्पना स्टॅनिस्लाव उलाम यांना १९४६ मध्ये आजारपणातून उठताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळता खेळता सुचली आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ती उचलून धरली, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

त्याला जोडून लाझ्झारिनी यांचा किस्सा घ्या. रेघा मारलेल्या पृष्ठभागावर सुया टाकून पाय काढायची बुफाँची जुनी युक्ती आहे. १९०१ साली मारिओ लाझ्झारिनी यांनी जाहीर केलं की ३४०८ सुया टाकल्या, १८०८ रेघांना लागल्या आणि पाय आला ३५५ भागिले ११३, म्हणजे सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर. प्रेक्षकांना विचारा: तुमचा विश्वास बसतो का? मग त्यांनाच हिशेब करू द्या. सुईची लांबी रेघांमधल्या अंतराच्या पाच षष्ठांश होती, म्हणून पाय येतो २ गुणिले पाच षष्ठांश गुणिले ३४०८, म्हणजे ५६८०, भागिले १८०८. एकच सुई जास्त लागली असती तर ५६८० भागिले १८०९, म्हणजे ३.१३९९, तिसरंच अंक-स्थान बिघडलं. आणि प्रयोग बरोबर ३४०८ व्या सुईलाच का थांबवला? कुठेतरी पाणी मुरतंय हे लहान मुलालाही कळतं. आकडा हवा तसा आला की थांबायचं, ही खोड सिम्युलेशन करणाऱ्यांत आजही तितकीच आहे, फक्त सुयांच्या जागी रन आलेत.

त्याच संध्याकाळी रँडूही दाखवता येतो. साठच्या दशकात आयबीएमच्या मशिनांवर सर्रास वापरला गेलेला हा आकडे पाडणारा प्रोग्रॅम. मागच्या आकड्याला ६५५३९ ने गुणायचं आणि २ च्या ३१ व्या घाताने भागून बाकी घ्यायची, संपलं. एकेक आकडा बघितला तर ठीक वाटतो, जोड्या बघितल्या तरी ठीक. लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन त्रिमितीत ठिपके टाका आणि आकृती माउसने हळूहळू फिरवा: एका कोनात सगळे ठिपके अचानक पंधरा सपाट पातळ्यांवर ओळीत उभे राहतात. डेमो म्हणून याला तोड नाही. फक्त सीड विषम घ्या, आणि तो कोन आधी शोधून ठेवा. लोकांसमोर चाचपडत बसलात तर परिणाम जातो. आजच्या पायथॉनमध्ये मर्सेन ट्विस्टर हा आकडे पाडणारा कितीतरी चांगला प्रोग्रॅम असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, एवढं जाता जाता सांगा.

चौथ्या भेटीला माणसांची मॉडेलं आणा, कारण तोपर्यंत लोकांची नजर थोडी तयार झालेली असते. थॉमस शेलिंग यांचं १९७१ चं वस्त्यांचं मॉडेल खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनिशीच करता येतं. निम्म्यांना एका रंगाची चिठ्ठी, निम्म्यांना दुसऱ्या. ‘माझ्या शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश माझ्या रंगाचे हवेत, नाहीतर मी रिकाम्या खुर्चीवर जाणार’ एवढाच नियम. थोड्या फेऱ्यांत रंगांचे गठ्ठे पडायला लागतात. मग नेटलोगोत हेच मॉडेल उघडा; त्याच्या ग्रंथालयात ते तयार असतं. ३० टक्क्यांची मागणी ठेवली तर शेवटी सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास शेजारी आपल्याच रंगाचे निघतात. अंदाज आधी लिहून घ्यायला विसरू नका, आणि खुर्च्यांमध्ये काही जागा मोकळ्या ठेवा, नाहीतर कुणाला हलताच येत नाही.

साथीचं मॉडेलही याच भेटीत किंवा स्वतंत्र. एक बाधित सरासरी दोघांना लागण करतो, तर शेवटी एकंदर किती टक्के लोकांना लागण होईल? ‘निम्म्यांना’ आणि ‘सगळ्यांना’ असे दोन तट पडतात. मॉडेल म्हणतं सुमारे ८० टक्के, आणि कळसाच्या क्षणी एकाच वेळी बाधित सुमारे १५ टक्के. निम्म्या लोकांना लागण झाली की साथ ओसरायला लागते हे खरं, पण ओसरता ओसरताही ती आणखी बऱ्याच जणांना गाठते. घरचं माणूस साथीत गमावलेले लोक प्रेक्षकांत असू शकतात, म्हणून ‘मेलेले ठिपके’ वगैरे विनोद वक्त्याला आधीच बंद करायला सांगा.

पण साथीच्या मॉडेलमधली खरी मेख पुढे आहे आणि तिच्यासाठी वेळ राखून ठेवा. हे मॉडेल विल्यम करमॅक आणि अँडरसन मॅककेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलं. मॅककेंड्रिक हे भारतात लष्करी वैद्यकीय सेवेत राहिलेले डॉक्टर. त्यांनी आपलं सूत्र पडताळण्यासाठी घेतले ते आकडे मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगमधल्या दर आठवड्याच्या मृत्यूंचे. आलेख काढला तर ठिपके आणि सूत्राची रेघ छान जुळतात. आता प्रेक्षकांना विचारा: मॉडेल बरोबर ठरलं का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. मग आठवण करून द्या की मॉडेल माणसाकडून माणसाला होणाऱ्या लागणीचं आहे, आणि तो प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमधून. रेघ जुळली, पण आतली यंत्रणा दुसरीच होती. चढून उतरणारी टेकडीसारखी रेघ अनेक वेगवेगळ्या कारणांनी तयार होऊ शकते. ‘आमचं मॉडेल जुन्या आकड्यांशी जुळतं’ असं कुणी सांगितलं की पुढचा प्रश्न काय विचारायचा, हे सभासदांना यानंतर शिकवावं लागत नाही.

पाचवी भेट बाहेरच्या पाहुण्यासाठी. मोठं नाव नको; रोज मॉडेल वापरून निर्णय घेणारा माणूस हवा. इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करणारा, सर्किट आधी स्पाइस या सिम्युलेशन प्रोग्रॅमवर चालवून बघणारा, कारखान्यातली लाइन आखणारा, रुग्णालयातल्या खाटांचं नियोजन करणारा. त्याला तीन गोष्टी लेखी विचारा. मॉडेलमधून तुम्ही जाणूनबुजून काय वगळलं? कोणता आकडा थोडा हलला तर तुमचा निर्णय उलटा झाला असता? मॉडेलने सांगितलेलं प्रत्यक्षात घडलं का हे तुम्ही कसं तपासलं? या तिन्हींची उत्तरं देता आली तर व्याख्यान जमलंच म्हणून समजा. देता येत नसतील, तर माणूस कितीही हुशार असो, तो टूल दाखवेल आणि जाईल. कंपनीची गोपनीय माहिती नको, आकडे बदलून आणले तरी चालतील, हेही आधीच स्पष्ट करा. नाहीतर पाहुणा आदल्या दिवशी अवघडतो आणि ताकास तूर लागू न देता तासभर बोलतो.

पाहुणा बांधकामातला असेल तर स्लाइप्नर ए या तेल-प्लॅटफॉर्मची हकिकत त्याला सांगायला लावा. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टाव्हांगरजवळ त्याचा काँक्रीटचा अजस्र पाया पाण्यात हळूहळू उतरवताना भिंत फुटली आणि सगळं तळाशी गेलं. फायनाइट एलिमेंट विश्लेषणात, म्हणजे रचनेचे लहान तुकडे पाडून ताण काढायच्या हिशेबात, पायातल्या कोठ्यांच्या सांध्यापाशी तुकड्यांची जाळी नीट घेतलेली नव्हती. तिथला शिअर स्ट्रेस (कातरणारा ताण) ४७ टक्क्यांनी कमी निघाला आणि भिंती पातळ ठेवल्या गेल्या. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणाने ६२ मीटर खोलीवर भिंत जाईल असं सांगितलं. प्रत्यक्षात गेली ती ६५ मीटरवर. म्हणजे पद्धत सक्षम होती. ती वापरताना जाळी बारीक करून उत्तर बदलतं का, हे बघायला हवं होतं. दुसऱ्या भेटीतली पायरी निम्मी करून बघणं आणि हे, एकच तपासणी आहे.

सहावी संध्याकाळ सभासदांची. प्रत्येकी दहा मिनिटं, स्वतःचं छोटं मॉडेल, आणि तोच नियम: आधी प्रेक्षकांचा अंदाज. पाचपेक्षा जास्त जण घेऊ नका. कुणी लिफ्टचं मॉडेल आणेल, कुणी क्रिकेटच्या स्पर्धेतल्या नेट रनरेटचं, कुणी लाइफ गेम. जॉन कॉनवे यांचा लाइफ, म्हणजे चौकटींतले ठिपके शेजाऱ्यांच्या संख्येवरून जगतात-मरतात तो खेळ, हा काही खऱ्या जगाचं मॉडेल नाही, असा आक्षेप येईल. येऊ द्या, तोही ऐकण्यासारखा असतो.

आता वेळेचं गणित. दीड तासाची भेट धरली तर वक्त्याचं सलग बोलणं पंचवीस मिनिटांच्या वर नको. प्रश्न आणि अंदाज यांना दहा मिनिटं, मॉडेल उलगडायला पंचवीस, हाताने करून बघायला तीस, बाकी चर्चा. कोणताही रन मिनिटाच्या आत संपला पाहिजे. रात्रभर चालणाऱ्या मॉडेलचे निकाल आणायचे, मॉडेल चालवायचं नाही. कोड एका पानात मावणारा, अक्षरं मागच्या रांगेला दिसतील एवढी, पार्श्वभूमी पांढरी. काळ्या पडद्यावरचा रंगीत कोड प्रोजेक्टरवर धुऊन निघतो. वक्त्याचा सीड ठरवून ठेवलेला असावा म्हणजे सरावात जे आलं तेच समोर येईल, आणि तो ठरवलेला आहे हे त्याने लपवू नये. मुख्य रनचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर ठेवा. तालीम त्याच प्रोजेक्टरवर, त्याच लॅपटॉपवर.

आणि सॉफ्टवेअर. पहिल्या तीन भेटींना पायथॉन आणि त्याची नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी पुरते. रांगेसाठी सिमपाय ही पायथॉनची सिम्युलेशन लायब्ररी वापरता येईल, पण पहिल्या वेळी साधा लूपच लिहा, कारण घटनांची यादी कशी पुढे सरकते ते लोकांना दिसलं पाहिजे. कोड न लिहिणाऱ्यांना स्प्रेडशीट द्या. रांगेचं मॉडेल स्प्रेडशीटमध्ये एका माणसाला एक ओळ अशा हिशेबाने उत्तम बसतं: आला कधी, सुरू कधी झालं, संपलं कधी. सुरू होण्याची वेळ म्हणजे आपली येण्याची वेळ आणि आधीच्याची संपण्याची वेळ यांतली उशिराची. एवढ्या एका सूत्रावर अख्खी रांग चालते, आणि पुष्कळदा प्रोग्रॅमरपेक्षा स्प्रेडशीटवाल्यांनाच गोष्ट आधी कळते. चौथ्या भेटीला नेटलोगो, तो ब्राउझरमध्येही चालतो. इन्स्टॉलेशन भेटीच्या वेळेत अजिबात नको. आठवडाभर आधी सूचना पाठवा आणि ज्यांचं अडेल त्यांना अर्धा तास लवकर बोलवा. परवान्याची भानगड असलेलं महागडं पॅकेज पाहुण्याने स्वतःच्या मशिनवर दाखवलं तर हरकत नाही, पण सभासदांच्या हातात मोफत मिळणारंच द्या. घरी गेल्यावर त्यांना पुढे खेळता आलं पाहिजे.

भेटीची घोषणा लिहिताना शीर्षकात टूलचं नाव घालू नका. ‘डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशनची ओळख’ वाचून ज्यांना ते आधीच येतं तेच येतील. ‘खिडकी तासातली दहा मिनिटं रिकामी असते, तरी रांग का लागते?’ असं लिहिलंत तर निवृत्त इंजिनिअरही येतील आणि त्यांच्याबरोबर आलेली मंडळीही कंटाळणार नाहीत. खाली एक ओळ: लॅपटॉप असेल तर आणा, नसेल तर शेजाऱ्याच्या स्क्रीनवर काम भागेल.

राहता राहिला विक्रेत्यांचा प्रश्न. सिम्युलेशन म्हटलं की ‘डिजिटल ट्विन’ (खऱ्या यंत्राची किंवा कारखान्याची कॉम्प्युटरवरची जुळी प्रत) विकणारे स्वतःहून फोन करतात, जागा आणि चहापाण्याचा खर्चही उचलायला तयार असतात. मी त्यांना सरसकट नाही म्हणत नाही. त्यांच्याकडे चांगले इंजिनिअर असतात आणि मोठी खरी उदाहरणं असतात. पण अट एकच घालतो: ज्या कामात तुमच्या मॉडेलचा अंदाज चुकला असं एक काम आणा, ग्राहकाचं नाव न सांगता, आणि का चुकला ते सांगा. विक्री विभागातला माणूस इथेच फोन ठेवतो; खरं काम केलेला इंजिनिअर उलट खुलतो आणि तासभर बोलायला तयार होतो. तो मिळाला तर पाचवी भेट त्याला द्या. नाही मिळाला तर ती तारीखही सभासदांच्या मॉडेलांना द्या.